इल्लीअक्का

अक्कांना कुठूनही हाक मारा, उत्तर एकच यायचं. "अक्का, कुठं आहात?" म्हणून मी जिन्यावरून ओरडले की परसातून आवाज यायचा, "इल्ली!" आता ही कानडीतली 'इल्ली' म्हणजे 'इथं', की हिंदी-दखनीतली इल्ली म्हणजे अळी, ते खाली जाऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही. बघितलं तरी काही फरक पडायचा नाही म्हणा. अक्का जिथं असायच्या तिथं अळी असायचीच. लिंबोणीखाली पाट टाकून बसलेल्या, पदर कमरेला खोचलेला, मोबाईल नाकाजवळ धरलेला, आणि समोरच्या पानावर काहीतरी हिरवं, केसाळ, वळवळतं. मला किड्यांची अशी शिसारी की झुरळ दिसलं तर पलंगावर उभी राहून शेजाऱ्यांना बोलावणारी मी बाई. आणि माझ्या नशिबी घरमालकीण यावी ती ही!

मी उदगीरची. भालकीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला तात्पुरती म्हणून लागले, आणि रोज बसनं आदळत-आपटत यायचा कंटाळा आला तेव्हा अक्कांच्या घरातली वरची खोली घेतली. पहिल्या दिवशी नाव विचारलं तर म्हणाल्या, "सुमित्राबाई. पण त्या नावानं हाक मारलीस तर मीच वळून बघंन, कोण आली म्हणून. अक्काच म्हण." आमची गल्ली तीन भाषांत भांडणारी. शेजारची महादेवी तेवढी पक्की कानडी. तिनंच 'इल्लीअक्का' हे नाव पाडलेलं. कधीही बघा, ही बाई इथंच, म्हणून. अक्कांना त्याचा राग नव्हता. "खरंच हाय की ते," म्हणायच्या. "कानडीत बी मी इल्ली, दखनीत बी इल्ली. कुठूनबी वाच, जागा सोडायची न्हाई."

अळीला अळी न म्हणता इल्ली म्हणायची सवय त्यांना बीदरची. वडिलांचं तिथं खत-औषधाचं दुकान होतं. दुकानाच्या भिंतीवर हिंदी पोस्टरं, त्यांवर कापसाच्या बोंडावर बसलेली लठ्ठ अळी आणि खाली हाताएवढ्या अक्षरांत 'इल्ली'. गल्लीतल्या दखनी बोलणाऱ्या मैत्रिणीही तोच शब्द वापरायच्या. अक्का अक्षरं जुळवायला शिकल्या त्या या पोस्टरांवर. "बापानं इल्लीचं औषध इकून मला शिकिवलं," त्या सांगायच्या, "अन् मी बसून तिचे फोटो काढायले. असता तर कपाळ बडवून घेतला असता बिचारा."

अक्का परसात अडकल्या त्या अप्पांमुळे. अप्पा म्हणजे त्यांचे यजमान. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. त्यांच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारे ते पहिलेच, त्यामुळे भावकीत मोठा मान. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत लकव्यानं धरलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुळात मोजून बोलणारा माणूस. होतं तेवढंही गेलं. खिडकीशी त्यांची खाट. डाव्या हाताशी एक स्टीलची ताटली आणि चमचा. काही लागलं की टण्. पाणी हवं तर एक टण्, कूस वळवायची तर टण् टण्, आणि चीड आली की ताटली अशी बडवायचे की वर माझ्या खोलीत पेन हातातून पडायचं. ताटलीचे काठ चमच्यानं चेपून गेले होते. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीसुद्धा चालायचं नाही. पुतण्या जवळच राहायचा, हौसेनं यायचा, पण त्यानं घास पुढं केला की अप्पा तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

त्यामुळे ताटली ऐकू येईल तेवढंच अक्कांचं जग. पुढचा कट्टा, मागचं परस, लिंबोणी, कढीपत्ता, भिंतीकडेची रुई, बस्स. किराणा फोनवर, भाजी दारात. एकदा मी बाजारातून आले तर हातातली पिशवी न बघता मला विचारतात, "स्टँड तिथंच हाय न्हवं ग अजून?" मला आधी हसू आलं. मग कळलं की बाई चेष्टा करत नाहीत. बसस्टँड घरापासून चालत जाण्याएवढं लांब.

फोटोंचा नाद कधी लागला हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. मुलानं हैदराबादेहून मोबाईल पाठवला होता, व्हिडिओ कॉलसाठी. आणि अप्पांच्या कपाटात एक भिंग होतं. साखरेचा दाणा बारीक आहे की मोठा, कडा नीट आहेत की नाहीत, ते बघायचं. अक्कांनी ते केसाच्या रबरानं मोबाईलच्या डोळ्यावर बांधलं आणि पहिला फोटो काढला तो अप्पांच्या खाटेवर चढलेल्या मुंगीचा. मुंगीच्या तोंडात साखरेचा कण. तो फोटो अप्पांना दाखवला तर त्यांनी चमच्यानं पडद्यावर टिचकी मारली, साखरेच्या कणावर. "बघ," अक्का मला म्हणाल्या, "मुंगी दिसतच न्हाई ह्यांना. ड्युटीवरच हाईत अजून."

काम करायची त्यांची रीत ठरलेली. सकाळी, पानांवर दव असतं तोवर. किडे तेव्हा गारठलेले असतात, हलत नाहीत. अंगावर कायम तीच पोपटी साडी, पिकून पिवळी पडलेली. नवी नेसली की किडे लाजतात म्हणे. दुधाच्या पिशवीचा तुकडा कापून तो मोबाईलच्या उजेडावर चिकटवायचा, म्हणजे किड्याच्या पाठीवर चमक येत नाही. आणि फोटो घेताना बोट पडद्यावर फिरवायचं नाही. सगळं अंगच कणीक मळताना हलतं तसं पुढं-मागं करायचं, आणि डोळा स्पष्ट दिसला की श्वास धरून टिपायचं. "किड्याचा डोळा आला पायजे," त्या बजावायच्या. "पाय दिसला न्हाई तर चालंल, डोळा न्हाई आला तर तो फोटो मयताचा." आणि हात लावायचा नाही. किड्याला चुकून फुंकर लागली तरी "माफ कर बा" म्हणायच्या.

त्यांना किड्यांची शास्त्रीय नावं शिकवायचा मी एकदा प्रयत्न केला. मोबाईलवर शोधून देत होते. दोन नावं ऐकून त्यांनी हात जोडले. "असल्या नावानं हाक मारली तर ते यायचं असलं तरी यायचं न्हाई." त्यांची स्वतःची नावं होती. ढालीसारखा चपटा किडा, जो जागचा हलत नाही आणि हलवला तर घाण वास सोडतो, तो 'तहसीलदार'. भिंतीवर मातीचं घर लिंपणारी गांधीलमाशी 'गवंडीण'. पुढचे हात जोडून उभा राहणारा आणि तशाच जोडल्या हातांनी माशी मटकावणारा हिरवा नाकतोड्यासारखा जो असतो, ती 'जाऊबाई'. आणि फुलपाखराचा कोष, कमरेला धाग्याचा पट्टा आवळून फांदीला रेलून उभा असतो ना, तो 'लाईनमन'. एकदा बघितल्यावर मलाही खांबावरचा लाईनमन दिसला की कोषच आठवायला लागला.

हे सगळे फोटो रोज सकाळी घरच्यांच्या ग्रुपवर. 'जयभीम, सुप्रभात' आणि खाली कोळ्याचे आठ डोळे. नातेवाईक वैतागायचे. कुणी लिहायचं, 'मामी, चहा पितोय.' मुलगा न चुकता 'नाइस मम्मी' लिहायचा, पाठोपाठ एक अंगठा. घरी समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांनी जाऊबाईचा फोटो मोठा करून लावलेला. बुद्धपौर्णिमेला खीर खायला आलेली खरी जाऊ त्या फोटोखालीच बसली आणि म्हणाली, "ह्याचे डोळे कुणावानी तरी हाईत बघा." मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात पळाले.

एक फोटो मात्र त्यांनी कुठंच पाठवला नाही. काड्याकुड्यांची मोळी बांधून तिच्यातच राहणारी एक अळी असते. ती मोळी ओढत पानभर हिंडते, तोंड तेवढं बाहेर. मी कौतुकानं वाचून दाखवलं, की यातला नर मोठा होऊन उडून जातो आणि मादी जन्मभर त्या मोळीतच राहते, तिथंच अंडी घालते, तिथंच संपते. अक्का कढीपत्ता निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "वाचून कशाला सांगायलीस? बघायले न्हवं मी."

आतून ताटली वाजली आणि त्या उठल्या.

आता त्यांना हवं काय होतं, ते सांगते. लिंबोणीवर येते ती अळी आधी चिमणीच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवी होते, डिवचलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढून वास सोडते. मग एके दिवशी तिचा लाईनमन होतो. तो बरेच दिवस तसाच उभा असतो, आणि फुटायच्या आधी काळा पडतो, आतले पंख बाहेरून दिसायला लागतात. दुसऱ्या सकाळी कोष तडकतो आणि आतलं फुलपाखरू बाहेर येतं. तडकल्यापासून बाहेर येईपर्यंत चहा ओतून प्यायला लागेल तेवढाच वेळ. अक्कांना ते बाहेर येताना टिपायचं होतं. अंडं होतं, सगळ्या वयांच्या अळ्या होत्या, कोष होता, मोकळं कवच होतं, पंख वाळवत बसलेलं फुलपाखरू होतं. बाहेर येतानाचं तेवढं नव्हतं. दर खेपेला काळा लाईनमन समोर, उजेड बरोबर, श्वास धरलेला, आणि आत टण्. गेल्याशिवाय गत्यंतर नाही. परत यावं तर कवच मोकळं. "दुसरं काय बी नको मला," त्या म्हणायच्या. "एकदा भाईर येताना बघू दे. मला बघून घ्यायचंय, ते कसं करतंय."

मी एकदा हट्टानं त्यांना बाहेर काढलं. कमठाण्याला त्यांच्या मावशीचं घर होतं, लहानपणी सुट्टीला जायच्या. गावापलीकडं मोठा माळ, तिथं चतुर किडे थव्यानं उडतात आणि तऱ्हेतऱ्हेचे नाकतोडे असतात म्हणून कायम सांगायच्या. रविवारी पुतण्याला अप्पांपाशी बसवलं आणि आम्ही बसनं बीदर, पुढं रिक्षानं कमठाणा असं गेलो. बसमध्ये खिडकीशी बसून बाई लहान पोरीसारख्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

माळावर पोचलो आणि अक्का एका बाभळीच्या बुडाशी बसल्या. बसल्या त्या बसल्याच. परसाएवढ्या जागेत, चार झुडपांत, तिथंच फोटो काढत राहिल्या. म्हटलं, "अक्का, एवढा माळ पडलाय, तिकडं चला की." "जायचं की, जायचं की," म्हणायच्या आणि हलायच्या नाहीत. तेवढ्यात लांबून एक शेळी आली, गळ्यात घंटी. टण् वाजलं आणि अक्का ताडकन उभ्या. मोबाईल पडला, भिंग गवतात. कुठं जायचंय हे कळेना म्हणून तशाच उभ्या राहिल्या, माझ्याकडं बघत. मला रडू फुटलं, आणि राग आला तो कुणाचा हेही कळेना. भिंग सापडलं आणि पाठोपाठ पुतण्याचा फोन. अप्पांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. आम्ही परत निघालो. येताना त्यांनी एकही पाटी वाचली नाही.

त्याच पुतण्यानं पुढं चांगल्या मनानं घोटाळा केला. लिंबोणीला फळ धरत नाही, पानं सगळी खाल्लेली, म्हणून त्यानं फवारणीवाल्याला परस्पर पाठवून दिलं. माणूस आळंदकडचा, निव्वळ कानडी, पाठीवर इंजिनाचा पंप, तोंडाला रुमाल. महादेवीनं त्याला मागचं दार उघडून दिलं. त्या वेळी अक्का आत अप्पांना खाटेवरून उठवून कमोडच्या खुर्चीवर बसवत होत्या. अप्पांचा सगळा भार त्यांच्या खांद्यावर. सोडलं तर माणूस खाली. आणि खिडकीतून दिसलं, की पंपवाला लिंबोणीपाशी उभा आहे. फांदीवर लाईनमन होता, काळा पडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुटला असता.

अक्कांना कानडी येत नव्हती असं नाही. महादेवीशी तासन् तास बोलायच्या. पण जीव घाबरला की माणसाच्या तोंडी त्याचा पहिला शब्द येतो. त्या खिडकीतून किंचाळल्या, "इल्ली! इल्ली हाय! मारू नको, इल्ली!" पंपाच्या घरघरीत त्या माणसापर्यंत एकच शब्द पोचला. त्यानं मान वर केली आणि नळी त्या फांदीकडं करून विचारलं, "इल्ली?" म्हणजे, इथं का?

"व्हय! इल्ली! इल्ली!" अक्का जीव तोडून ओरडल्या.

त्यानं मान डोलावली, आणि बाईंनी दाखवली तीच जागा चांगली धुऊन काढली. वरून, खालून, पानं उलटी करून. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, जिना उतरून पोचेपर्यंत तो पंप बंद करून रुमाल सोडत होता. जमिनीवर अळ्या गळून पडल्या होत्या, हिरव्या आणि शिटेच्या रंगाच्या, सगळ्या वयांच्या. अप्पांना खुर्चीवर नीट बसवून अक्का बाहेर आल्या तेव्हा तो अभिमानानं म्हणाला, "फुल क्लीन, अक्का." महादेवीला काय झालं ते उमगलं, तिनं कपाळावर हात मारला आणि त्याला कानडीत समजावलं. बिचाऱ्यानं जीभ चावली. मला वाटलं, आता अक्का त्याला फाडून खातात. अक्कांनी त्याला चहा करून दिला. "त्येचं काय चुकलं?" म्हणाल्या. "म्याच सांगितलं की. इथं मार, इथं मार म्हणून." तो गेल्यावर मात्र लिंबोणीखाली पाटावर बसून पदराचा बोळा तोंडात कोंबून रडल्या. खिडकीतून अप्पा बघत होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताटली वाजली नाही, आणि रात्री अक्कांनी भरवलेला घाससुद्धा त्यांनी घेतला नाही.

पुढं बरेच दिवस मोबाईल फक्त हैदराबादच्या फोनला उचलला जायचा. ग्रुपवर सकाळी नुसतंच 'जयभीम, सुप्रभात'. ज्यांनी कधी कौतुक केलं नव्हतं ते नातेवाईक विचारायला लागले, 'मामी, किडे कुठं गेले?' पावसानं पानं धुऊन निघाली, नवी पालवी आली, आणि एका सकाळी कढीपत्त्यावर चिमणीची शिट दिसली. ती चालत होती. अक्कांनी मला खालून हाक मारली. मी विचारलं, "काय झालं?" "इल्ली!" आवाजावरूनच कळलं की या खेपेला तो कानडी शब्द नाही.

त्या अळीचा लाईनमन झाला तो खिडकीच्या अगदी समोर. काळा पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी अक्कांनी मला उठवलं. मी नाकाला ओढणी लावून शेजारी उभी. अप्पांचं सगळं आटपून झालं होतं, आता फक्त कारखान्याचा भोंगा झाला की त्यांचा चहा. तो चहा कधी चुकला नव्हता. भोंगा वाजून संपायच्या आत ताटली वाजायचीच.

भोंगा झाला. ताटली वाजली नाही.

अक्कांनी मोबाईल नाकाजवळ धरला होता तो तसाच. कोष एकदा हलला. "वाजली न्हाई ग," त्या ओठातल्या ओठात म्हणाल्या. मी म्हटलं, "झोपले असतील, तुम्ही बघा इकडं." "भोंग्याला झोपत न्हाईत ते." कोष परत हलला. इतकी वर्षं ताटलीनं उठवलं, आणि आता तिच्या न वाजण्यानं बाईला बसवेना. "काय झालं तर न्हाई ना त्यास्नी?" म्हणाल्या आणि पळाल्या, मोबाईल मुठीत तसाच. मीही मागं धावले.

अप्पा उशीला टेकून बसले होते. चमचा डाव्या मुठीत गच्च, मूठ छातीशी. चादर भिजलेली. ओठ आवळलेले, डोळे खिडकीतून कढीपत्त्यावर. ते मुद्दाम गप्प बसले होते. अक्कांना दारात बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की काय सांगू. चमच्यानं खाटेची पट्टी बडवली, हात खिडकीकडं केला, मान ताणली, आणि इतक्या दिवसांत मी कधी ऐकला नव्हता तो आवाज घशातून काढला. "ज्जा."

आम्ही बाहेर आलो तेव्हा कवच मोकळं होतं. त्याच्या खाली ते लोंबकळत होतं, पंख ओले, चोळामोळा. अक्का पाटावर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसताहेत. "बघ ग पोरी. वाजली तरी जावं लागतंय, अन् न्हाई वाजली तरी!" मग त्यांनी, कधी हात न लावणाऱ्या बाईनं, ते मोकळं कवच अलगद काढलं आणि आत नेऊन अप्पांच्या ताटलीत ठेवलं. भिंग सोडून त्यांच्या हातात दिलं. अप्पा एक डोळा मिटून ते कवच बघत राहिले, साखरेचा दाणा बघावा तसे. अक्का चादर बदलत होत्या. मी चहा केला.

त्या वर्षी मला कडगंचीच्या बाजूला कायमची नोकरी लागली. निघताना पाया पडले तर म्हणाल्या, "आता तू बी उडालीस म्हण की," आणि शिदोरी म्हणून कढीपत्त्याची चटणी दिली. थंडीत अप्पा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. भन्तेजींचं सुत्तपठण चालू होतं, घर माणसांनी भरलेलं, आणि स्वयंपाकघरात कुणाच्या तरी हातून ताट पडलं. सगळे दचकले. अक्का तेवढ्या उठून उभ्या राहिल्या. मुलानं हाताला धरून परत खाली बसवलं. मला वाटलं, आता बाई सुटल्या. आता कमठाण्याच्या माळावर मनाला येईल तेवढं चालत जातील. अडकलेल्या माणसाबद्दल आपण किती सोपं धरून चालतो!

उन्हाळ्यात भालकीवरून उदगीरला जाताना मुद्दाम उतरले. दाराला कुलूप. मी सवयीनं हाक मारली, "अक्का, कुठं आहात?" महादेवी बाहेर आली आणि तिनं एकच शब्द सांगितला, "इल्लिल्ला." इथं नाहीत. मनात भलतंच आलं. माझा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, "हैदराबाद होग्यार." हैदराबादला गेल्या, मुलगा घेऊन गेला. परसात लिंबोणी वाळायला लागली होती.

फोन केला तर आवाज लांबून आल्यासारखा. "सातव्या मजल्यावर हाय ग मी. पोरगा जीव लावतोय, सून बी गुणाची. नातू लहान हाय म्हणून दार आतून लावून घेत्यात. इथं काय बी न्हाई बघ. डास सुदिक न्हाई. सोसायटीवाले दर आठवड्याला औषध मारत्यात." मग म्हणाल्या, "ताटली वाजत न्हाई, तरी मला सकाळी जाग येतीच. उठून कुठं जावं?" मी भिंग आहे का विचारलं. म्हणाल्या, "हाय. त्यातनं काय बघू?"

त्यानंतर त्यांनी फोन उचलणं कमी केलं. आठवण आली की मी मेसेज टाकायचे, 'अक्का, कुठं आहात?' निळी खूण यायची, उत्तर यायचं नाही. ग्रुपवर काय चाललंय हे मला कळायला मार्ग नव्हता. पावसाळा गेला. मीही विचारायचं सोडणार होते. परवा वर्गात शिकवताना मोबाईल थरथरला. एरवी मी वर्गात बघत नाही, मुलांना त्यावरून बोलते. पण नाव दिसलं आणि खडू ठेवला.

फोटो होता. थोडा हललेला, पण डोळा बरोबर आलेला. गॅलरीच्या गजांमागं कुंडी, कुंडीत वीतभर लिंबोणी, आणि तिच्या सगळ्यात वरच्या पानावर चिमणीची शिट. सातव्या मजल्यावर ते फुलपाखरू कुठून, कसं वर आलं असेल! कुंडीतलं पाणी गळू नये म्हणून खाली एक स्टीलची ताटली ठेवलेली, काठ चमच्यानं चेपलेले. माझ्या इतक्या महिन्यांच्या सगळ्या प्रश्नांखाली अक्कांनी एकच शब्द लिहिला होता.

इल्ली.